तुजो मनीस जेवलो?

गेल्या मे महिन्यात, गोव्यातल्या वाळपईजवळच्या आमच्या घरात, पंखा गरम वारा फेकत असताना मी थंडीने मेलो. सत्तेचाळिसाव्या दिवशी. मी बनियनवर बसलेलो, पाठीवरून घाम ओघळतोय आणि पडद्यावर खेळातल्या माझ्या माणसाचे कपडे भिजून, गोठून कडक झालेले. आई मागे भाजी निवडत होती. पडदा काळा झाल्यावर तिने मान वर केली.

"मेलो? तुजो मनीस जेवलो तरी?"

जेवला होता. पोटभर जेवला होता. म्हणूनच तर मेला.

खेळाचं नाव 'द लाँग डार्क'. हिंटरलँड नावाच्या कॅनडातल्या स्टुडिओने केलेला, पूर्ण स्वरूपात आला २०१७ साली. मी त्यातला सर्व्हायव्हल मोड, म्हणजे नुसतं तग धरून जगायचा प्रकार, खेळतो. उत्तरेकडचं एक ओसाड बेट, सगळीकडे बर्फ, आणि तुम्ही एकटे. झाँबी नाहीत, राक्षस नाहीत. ऊब, झोप, तहान, भूक अशी चार भांडी आणि चारही सतत गळणारी. मी खेळतो त्या डावात मेलात की सेव्ह केलेला खेळही पुसला जातो. सत्तेचाळीस दिवस गेले म्हणजे गेलेच.

मी एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरला आहे. दिवसभर ड्रम मोजायचे, बॅच नंबर लिहायचे, एक्स्पायरी बघायची. घरी येऊन जेवतो आणि पुन्हा मोजायला बसतो. काड्या चौदा, बँडेज तीन, सार्डिनचे डबे पाच. बायको एकदा म्हणाली, तिथे ओव्हरटाइम तरी मिळतो का? नाही मिळत. पण ज्याने लहानपणापासून घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना पाहिलंय त्याला हे खेळ का आवडतात ते सांगावं लागू नये. शब्द पोर्तुगीजांचा, काळजी आमची. मे महिन्यात सुकी सुंगटं, खारे बांगडे, मिरच्या, सोलां, जाडं मीठ, आणि खोपीत छपरापर्यंत लाकडं. सगळं भरून झालं की आई दारात उभी राहून नुसतं बघते. एका वस्तूलाही हात लावत नाही. बाहेर वादळ सुरू असताना केबिनमधल्या फळीवर डबे ओळीने लावून मीही तसाच बघत बसतो. या खेळांनी कमावलेली गोष्ट असेल तर ती हीच, काडीची किंमत. दुसऱ्या कुठल्याही खेळात मी एका काडीसाठी वीस मिनिटं हिशेब केलेला नाही.

आता त्या मरणाकडे येतो. त्या दिवशी हरीण मिळालं. केबिनमध्ये बऱ्याच दिवसांचं खाणं आधीच होतं. ३० किलोच्या वर ओझं गेलं की माणूस रखडायला लागतो, शिवाय कच्च्या मांसाचा वास लांडग्यांना लागतो. हे सगळं मला पाठ होतं. तरी आठ किलो मांस उचललं. अर्ध्या वाटेत हिमवादळ आलं. ओझं टाकून पळालो असतो तर केबिन गाठली असती. टाकलं नाही. स्टोअरवाला ना! माल खाली ठेवायचा तर आधी सही लागते.

हे मरण मला मान्य आहे. चूक माझी होती आणि खेळाने ती चोख पकडली. माझा राग वेगळ्याच गोष्टींवर आहे.

गेल्या वर्षी जुलैत लाइनीवर झाड पडलं, दोन दिवस वीज नाही, आणि त्यातच गॅस संपला. मागच्या पडवीत जुनी चूल आहे. म्हटलं, मी पेटवतो. एवढ्या बर्फात शेकोट्या पेटवलेला माणूस मी. काड्या सर्दावलेल्या, पेटीवर ओढली की गूल खरवडून यायचा. अकरा काड्या वाया घालवल्या. डोळ्यांत धूर, लाकूड नुसतं फुसफुसतंय. शेवटी आईने मला बाजूला सारलं. चुलीच्या वरच्या फळीवर, रोजच्या धुरात वाळत ठेवलेलं नारळाचं सोडण काढलं, त्याचा काथ्या बोटांनी पिंजून पाखराच्या घरट्यासारखा केला, खाली करवंटीचे दोन तुकडे. लाकडं आडवी टाकली नाहीत, एकमेकांना टेकून उभी केली. काडी स्वतःच्या केसांत दोनदा फिरवली आणि ओढली. पेटली. फुंकणी समोरून नाही, बाजूने, आणि तीही हळू.

खेळात काय असतं? पेटवण निवडा, लाकूड निवडा, काडी निवडा, मग टक्केवारी दिसते आणि बटण दाबून थांबायचं. वर गंमत अशी की आग पेटवण्याच्या तिसऱ्या पातळीला पोचलात की पेटवण लागतच नाही. म्हणजे जितके हुशार व्हाल तितकं काम कमी! हे मी आईला सांगितलं तर म्हणते, "मागीर उजो तरी कित्याक जाय?" मग आग तरी कशाला हवी?

तीच गत हत्यारांची. थोडी लाकडं फोडली की कुऱ्हाडीचे टक्के उतरू लागतात. आमच्या घरी आजोबांचा कोयता आहे. मूठ तीनदा बदलली, पातं तेच. पावसाच्या तोंडावर लोहाराकडून धार काढून आणली की वर्ष निघतं.

'ग्रीन हेल' हा अॅमेझॉनच्या जंगलातला खेळ, २०१९ मध्ये पूर्ण झाला. हवामानाने तो आमच्या जास्त जवळचा. पाऊस पडला की शेकोटी विझते, आणि हातपाय फिरवून फिरवून जळवा शोधाव्या लागतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी खुर्चीतच टाळी दिली. पण मग कळलं की जळू अंगावर राहिली तर माणसाचं मानसिक संतुलन घसरतं आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. अहो, पावसात म्हादईच्या रानाकडे गेलेल्या कोणालाही विचारा. जळू लागलेली कळतसुद्धा नाही. घरी येऊन पायाकडे बघितलं की रक्ताचा ओघळ. चिमूटभर मीठ, एक शिवी, संपलं. त्यापायी वेड लागायचं असतं तर आमचा अख्खा सत्तरी तालुका बडबडत फिरला असता.

अळंब्यांचंही तसंच. 'द लाँग डार्क'मध्ये जवळ गेलं की अळंबीचं नाव लिहून येतं आणि ती औषधीच निघते. 'ग्रीन हेल' त्याहून प्रामाणिक. अनोळखी गोष्ट खाल्ल्याशिवाय तिचा गुण कळत नाही. खा, वांती झाली तर शिका. पण आमच्याकडे अळमी कोणी खाऊन शिकलेलं नाही. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, ती फुटली की आई लांबूनच ओळखते. मी तिच्या मागून तीसेक पावसाळे चाललोय आणि अजून एकट्याने तोडायची माझी छाती नाही. कोणाच्या तरी मागून चालणं, ही एवढी साधी गोष्ट मला यातल्या एकाही खेळात सापडलेली नाही. सगळे तुम्हाला एकटं टाकतात आणि पहिल्या दिवशी काहीच येत नाही असं धरून चालतात. 'द लाँग डार्क' निदान सुरुवातीलाच पाटी दाखवतो की यातल्या प्रसंगांना खऱ्या प्रशिक्षणाची जागा देऊ नका. बरं वाटतं.

बाकी कुरकुर नेहमीचीच. 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये दिवस आठ मिनिटांचा आणि अर्धा जन्म गाजरं उपटण्यात जातो. 'माइनक्राफ्ट'मध्ये गव्हाचं शेत लागलं की भूक ही भानगडच उरत नाही. जवळजवळ सगळ्यांचं असंच. पहिले दहा दिवस जीव मुठीत, नंतर कोठार भरतं आणि करायला काही राहत नाही. 'सबनॉटिका' त्यातून वाचतो, कारण शेवटी रॉकेट बांधून परक्या ग्रहावरून निघायचं असतं.

सध्या नवीन डाव सुरू आहे. नववा दिवस, काड्या सहा. काल रात्री केबिनच्या दाराबाहेर लाकडं टाकून आत शिरत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भायर दवरूं नाका रे, पावस येतलो."

या खेळात बाहेरचं लाकूड भिजत नाही. आत ठेवा, बाहेर ठेवा, काही फरक पडत नाही. आणि तिथे पाऊस नाही, बर्फ आहे. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. मग बाहेर गेलो आणि एकेक करून सगळी लाकडं आत आणली.