स्टॉपवॉच

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज सुपरवायझर मॅडमनी स्टॉपवॉच माझ्यावर लावलं.

एरवी ते आम्हा स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांच्या हातात असतं. एका श्वासात 'आ' किती वेळ धरता येतो ते मोजा, 'प-ट-क' किती भरभर म्हणता येतं ते मोजा. गिळण्याच्या प्रॅक्टिकलला दाट केलेलं पाणी १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरायचं, खालचं बोट काढायचं आणि १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. ४ ते ८ मिली उरलं तर दाटपणाची लेव्हल २, ८ च्या वर उरलं तर लेव्हल ३. (पहिल्या दिवशी मी बोट काढायलाच विसरले होते. सगळं पाणी जागच्या जागी, आणि मी मान खाली घालून सेकंद मोजतेय.)

तर आज गेल्या आठवड्यातल्या सेशनचा व्हिडिओ लावला. स्ट्रोकनंतरचे काका. ब्रोका अफेझिया. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, पण स्वतःचा शब्द काढताना घाम फुटतो. आठवड्याचे वार ओळीनं म्हणतात, चिडले की एक सणसणीत शिवीही स्वच्छ येते. साधी वस्तू दाखवली की मात्र अडतात. मी पंख्याचं चित्र दाखवलं. दुसऱ्या सेकंदाला मी म्हणाले, "गरम झालं की लावतो ते." तिसऱ्याला "पं... पं..." पाचव्याला मीच "पंखा!" काकांनी मान डोलावली. नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं: 'पंखा – पहिला ध्वनी सुचवल्यावर बरोबर.'

"बरोबर कोणाचं?" मॅडमनी विचारलं आणि व्हिडिओ मागे नेऊन चौथ्या सेकंदाला थांबवला.

काकांचे ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नाहीत, एकमेकांवर दाबलेले. 'प' साठी ओठ जसे मिटतात तसे. शब्द दारापर्यंत आला होता आणि मी पुढे होऊन दार लावून घेतलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परीक्षेसाठी आम्ही पाठ करतो: १८६१, पॉल ब्रोका, बोलणं घडवणारा मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग. ज्या पेशंटवरून हे मांडलं गेलं, तो जवळपास प्रत्येक प्रश्नाला 'टॅन' एवढंच म्हणायचा. तसा तो २१ वर्षं दवाखान्यात होता. मी त्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवला होता, दोन मार्कांची ओळ म्हणून. आज संध्याकाळी वाटलं, त्याच्यासमोर पुढचा आवाज येईपर्यंत कोणी थांबत असेल का?

मला घाई का होते हेही कळतंय. लॉगबुकात तास भरायचे असतात, पाऊण तासात प्लॅनमधली उद्दिष्टं उरकायची असतात. पण खरं कारण एवढंच की समोरचा माणूस धडपडताना मला बघवत नाही. त्याला मी इतके दिवस माया समजत होते.

दुपारी पुन्हा तेच काका. मी टेबलाखाली गुडघ्यावर बोटांनी सेकंद मोजायचं ठरवलं. चित्र चावीचं. तीन, चार. काकांची नजर माझ्या तोंडाकडे, मी सुचवणार या सवयीनं. मी चित्राकडेच बघत राहिले. सहा. शेजारी बसलेल्या काकूंचं तोंड उघडलं, मी हळूच हात वर केला. आठव्याला "चा..."

"चाकू." मग मान जोरात हलवली. "नाही. नाही. चा... वी."

अकरा.

काकू बाहेर पडताना म्हणाल्या, "ताई, घरीपण असंच गप्प बसायचं का? मला नाही हो जमत." मी उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं, त्यांचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. "त्यांना वाटेल, मला ऐकायचंच नाही." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. उद्या मॅडमना विचारते. काकांकडे बघत राहायचं, दुसरं काम हातात घ्यायचं नाही, एवढं तरी सांगून ठेवलं.

नोंद लिहिली: 'चावी – न सुचवता, ११ सेकंदांनी. आधी "चाकू", चूक स्वतः दुरुस्त केली.'

मग मागचं पान काढून 'पंखा'पुढचं 'बरोबर' खोडलं, शेजारी सही केली. उद्या आठ वाजता सिरिंज. बोट काढायचं लक्षात ठेवायला हवं.