पुसलेलं दीडशे

२०२० चा जुलै. शाळा बंद, शिक्षण सुरू. आणि धडगाव तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीवरच्या महूच्या झाडाखाली. तीही टूजी. ग्रुपवर रोज सकाळी व्हिडिओच्या लिंका पडायच्या. त्या टाकणाऱ्यांनी एक तरी लिंक त्या झाडाखाली उभं राहून उघडून दाखवावी, असं मला आजही वाटतं.

मग मी माझेच पाठ काढू लागलो. विटांच्या चळतीवर मोबाईल, समोर फळा. दहा मिनिटांचा पाठ सातशे-आठशे एमबी व्हायचा. तो हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, १४४पी, म्हणजे अगदी कमी दर्जाचं चित्र, करायचा, आवाज मोनो, सेकंदाला तीसऐवजी दहाच फ्रेम. फळा काही पळत नाही. झाले दहा एमबी! व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचा, नाहीतर ते आणखी चेपतं. झाडाखाली पाऊण तासात उतरायचा. पुढे घरोघर ब्लूटूथने, नाहीतर मेमरी कार्ड फिरवून. फाइल पाठवायचं शेअरइट अ‍ॅप सोपं होतं, पण २९ जूनला त्यावर बंदी आलेली. सातशेचे दहा केले, हे मी दोन-चार शिक्षकांना मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

पाचवीचा दशांश अपूर्णांकांचा पाठ गेला. आठवड्याने वह्या बघायला पाड्यावर गेलो, एका ओट्यावर बसलो. पहिल्या वहीत २५ + १२५ = ३७५. दुसरीतही तेच. सहाच्या सहा वह्यांत तेच. एकमेकांचं बघून उतरवलंय म्हणून चिडलो, बोललोही. मग एका मुलीच्या वहीत उत्तराच्या जागी कागद खरवडून पातळ झालेला दिसला. उजेडाकडे धरला. खाली १५० होतं.

"हे का पुसलंस?"

"मोबाईलमध्ये तुम्ही ३७५ लिहिलंय, गुरुजी."

तिच्या वडिलांचा मोबाईल मागून घेतला, पाठ लावला. मी फळ्यावर २.५ + १.२५ लिहितोय, आणि टिंब कुठेच नाही. खडूचा तो ठिपका माझ्या १४४पीत फळ्यातच विरून गेलेला. आवाजात मी 'पॉइंट' म्हणत होतो. पण घरी पावरी बोलणाऱ्या या पोरांना पॉइंट म्हणजे काय, हे शिकवायलाच तर तो पाठ होता.

आता टिंब लिंबाएवढं काढतो, आणि पाठ आधी पाड्यावरच्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर उन्हात धरून बघतो. ते सोपं होतं. पण पंचवीस आणि सव्वाशे मिळून दीडशे, हे त्या पोरीला पक्कं येत होतं. समोर वर्गात असती तर बोलली असती का? खात्रीने नाही सांगता येत. माझ्या वर्गातही पोरं फळ्यावरचं बघून आपलं पुसतात. मी ते कधी उजेडाकडे धरून बघितलं नव्हतं.

'ऑनलाइन शिक्षण पोहोचलेले विद्यार्थी' या रकान्यात तोवर मी तिलाही धरलं होतं. अहवाल आदल्या दिवशीच गेला होता.