विडी सोडली, मग अंगात जीव का नाही?

दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं कागद पुढं करता करता हळूच विचारतात, "तुम्ही विडी सोडलासा न्हवं? आम्ही बी सोडली, पंधरा दिवस झालं. पण अंगात जीवच नाही. ही मरगळ जाणार कधी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोरून नुसतं चालत गेलं तरी खकाण्यानं, म्हणजे तंबाखूच्या धुळीनं, शिंका येतात. 1981 साली याच तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे अडवला होता. माझ्या काकूनं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि दोन पोरं शिकवली. त्यामुळं विडी सोडली म्हटलं की इथं कुणी शाबासकी देत नाही. "तब्येत बरी हाय न्हवं?" असं विचारतात.

तब्येत बरी नव्हतीच. नवव्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा कन्नड अर्ज टाइप करताना मी अर्जदाराच्या जागी त्याच्या वारलेल्या बापाचं नाव घातलं. बिचारा कचेरीतल्या रांगेत उभा राहून परत आला. कागद काउंटरवर ठेवून म्हणाला, "मालक, एक ओढा पाहिजे तर, पण अर्ज नीट लिवा."

झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते. बावीस वर्षं माझी तरतरी यावरच चालली होती. ते बंद झाल्यावर मेंदूला नव्यानं घडी बसवायला वेळ लागतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं, माझं थोडं लांबलं. त्याला कारण माझाच शहाणपणा. मरगळ आली म्हणून मी चहा वाढवला.

हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. विडीच्या धुरामुळं यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्यानं निकालात काढत असतं. धूर थांबला की तो वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे कप तेवढेच ठेवले तरी अंगावर दुप्पट बसतात, आणि मी तर आठ कप पीत होतो. रात्री दोनला पंख्याकडं बघत पडायचं आणि दुपारी काउंटरवर पेंगायचं. चहा तीन हाफवर आणला, चारनंतर बंद केला, तेव्हा कुठं झोप लागली. (दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतील तर विडी सोडल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. तिथंही हाच हिशोब लागतो.)

सकाळी चहा-विडीवर भागायचं, भूक लागायचीच नाही. आता लागते. तेव्हा दहा वाजता भाकरीचा तुकडा नाहीतर शेंगदाणे-गूळ. निकोटिनचं च्युइंगम घेणार असाल तर पोरांसारखं कचाकचा चावू नका. तोंडात चव आली की गालात धरून ठेवायचं, तंबाखूची चिमूट धरतात तसं. त्याचा रस गिळला तर उचक्या लागतात.

पण खरी गोम मला महिन्यानं कळली. दिवसाला अकरा विड्या म्हणजे अकरा वेळा मी खुर्चीवरून उठत होतो, उन्हात उभा राहत होतो, शेजारच्या टेलरशी दोन शब्द बोलत होतो. विडीबरोबर मी ते सगळंच टाकलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत स्क्रीनपुढं बसून राहिलो. तसं बसून कोण थकणार नाही? मग ठरवलं, तलफ येवो न येवो, अकरा वाजले की उठायचं. बसस्टँडपर्यंत जाऊन यायचं. तेवढ्या चालण्यानं तलफही दबते.

महिना उलटूनही गळाठा जात नसेल, दम लागत असेल किंवा मन कशातच लागत नसेल, तर विडीवर खापर फोडून बसू नका. रक्त, थायरॉइड, साखर तपासून घ्या. सोडायलाच मदत हवी असेल तर सरकारची क्विटलाइन आहे, 1800-11-2356, फोन फुकट.

माझी मरगळ कधी गेली, ती तारीख नाही सांगता येणार. सातव्या आठवड्यात कागदाच्या रिमांचा खोका माळ्यावर नेला आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, मधल्या पायरीवर थांबलोच नाही. पूर्वी तिथं टेकून एक पेटवायचो. खाली आलो आणि मुद्दाम त्या पायरीवर पाच मिनिटं बसलो. टेलरनं मशीन थांबवून विचारलं, "काय वो, चक्कर आली काय?"