शिलाँग, दहा वर्षांनी

आज परत शिलाँगला आलोय. कामं दुपारीच उरकली आणि पाय आपोआप पोलो ग्राऊंडकडे वळले. पोरं भुरभुर पावसात फुटबॉल खेळत होती. पाऊस आला म्हणून इथे कोणी खेळ थांबवत नाही. तसं केलं तर वर्षातले निम्मे महिने बसूनच काढावे लागतील!

इथे नोकरीला होतो तेव्हा शिलाँग लाजाँगच्या मॅचला जायचो. २००९ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये पोचलेला हा ईशान्येतला पहिला क्लब. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला ऑफसाइड समजावला तो शेजारी बसलेल्या एका आजीने. तोंडात क्वाय, म्हणजे चुना लावलेलं पान आणि ओली सुपारी, अन् रेफरीवर अखंड तोंडसुख. ती सुपारी मीही खाल्ली. कानशिलं अशी तापली की थंडीच पळाली.

मग जेवण. जादोह, म्हणजे डुकराच्या मांसात शिजवलेला हळदीचा भात, सोबत दोहख्लेह, म्हणजे डुकराच्या मांसाची कांदा घातलेली कोशिंबीर, आणि तुंगरिंबाई. तुंगरिंबाई आंबवलेल्या सोयाबीनची. वास उग्र, पण काळ्या तिळाची चव लागली की हात थांबत नाही. घरच्यांना फोटो पाठवला. आई म्हणाली, "वरण-भात मिळत नाही का रे तिथे?"

आणि गाणं! इथले गायक लू माजाव १९७२ पासून दर २४ मेला अमेरिकन गायक बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आज हॉटेलखालच्या चहावाल्याकडे गिटार टांगलेली दिसली. गिऱ्हाईक नसलं की वाजवतो म्हणे. गिऱ्हाईक मीच होतो, तरी वाजवली. चहा मात्र उकळून कडू झाला.