माफी नको होती

काल एक मे, सुट्टी, म्हणून बाबांची जुनी पेटी आवरायला काढली आणि तळाशी ती कार्बन कॉपी मिळाली, निळी अक्षरं पार फिकट झालीत आणि कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग आरपार उतरलाय. कंपनीने बाबांना घरी बसवलं होतं तेव्हाचं त्यांचं उत्तर. तक्रार करणारा साहेब आणि चौकशी करणारा साहेब एकाच केबिनमध्ये बसायचे, आणि शेवटी निरोप आला की माफीनामा लिहून दे आणि सोमवारपासून ये. बाबांनी लिहिलं, चूक केली नाही तर माफी कशाची मागू. चौदा महिने घरी होते.

ते वाचताना मला सारखा आल्टगेल्ड आठवत होता.

जॉन पीटर आल्टगेल्ड, जन्म १८४७, जर्मनीतला, तान्हा असताना आईबापांसोबत अमेरिकेत आला, पुढे शिकागोत वकिली, जमिनी-इमारतींच्या धंद्यात चांगला पैसा, मग पाच वर्षं जज आणि १८९३ ला इलिनॉय राज्याचा गव्हर्नर. आपण एक मे कामगार दिन म्हणून पाळतो त्याचं मूळ पण त्याच शहरात आहे. आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू होता, ४ मे १८८६ ला हेमार्केटच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला, सात पोलीस गेले. टाकला कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही, तरी आठ जणांवर खटला चालला, चौघांना फाशी दिली, एकाने आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. उरलेले तिघे, फील्डन, श्वाब आणि नीबी, जोलिएटच्या तुरुंगात.

आल्टगेल्ड गव्हर्नर झाला तेव्हा त्यांना सोडा म्हणणारे पुष्कळ होते, त्यात बडे व्यापारीसुद्धा. बरीच शिक्षा भोगली, आता दया करा, असं. एवढं लिहून सही केली असती तर फार कोणी बोललं नसतं. पण हा माणूस खटल्याचे कागद घेऊन बसला, आणि त्याने लिहिलं की हे गुन्हेगार असतील तर आत राहू देत, पण खटलाच नीट झालेला नाही. ज्युरीसाठी, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळासाठी, चिठ्ठ्या टाकून माणसं काढायची सोडून बेलिफने स्वतः निवडून आणली. आमचं मत आधीच झालंय असं ज्यांनी उघड सांगितलं तेसुद्धा ज्युरीत बसवले. बॉम्ब टाकणाऱ्याशी यांचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. आणि जज गॅरीने पक्षपात केला. हा गॅरी म्हणजे ज्या कोर्टात आल्टगेल्ड स्वतः जज होता त्याच कोर्टातला! आपल्याच जुन्या सोबत्याबद्दल असं सहीनिशी लिहायचं, मला तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

२६ जून १८९३ ला तिघे सुटले आणि पेपरवाले त्याच्यावर तुटून पडले, अराजकवादी काय, परदेशी काय. पुढच्या वर्षी पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीच्या संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने शिकागोत सैन्य उतरवलं तेव्हा हा त्यालाही पत्र लिहून भांडला, आम्ही मागितलेलं नाही म्हणून, आणि दोघे एकाच पक्षाचे बरं का. कामगार बायका-मुलांसाठी लढणाऱ्या फ्लॉरेन्स केलीला त्यानेच कारखान्यांची मुख्य निरीक्षक केलं होतं, त्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं.

रात्री जेवताना हे सगळं बाबांना सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते, मग विचारलं, "त्याला परत घेतलं का रे?"

नाही म्हटलं बाबा. १८९६ च्या निवडणुकीत पडला, पैसाही गेला, मग क्लॅरन्स डॅरो या नामांकित वकिलाच्या ऑफिसात वकिली करायला लागला. १९०२ मध्ये भाषण करताना कोसळला आणि गेला, ५४ वर्षांचा होता. भाषण कुठे होतं, तर जोलिएटला.

बाबांनी कार्बन कॉपी मागितली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, टाचणी बदल, कागद फाटेल.