तुम्ही विचारलंत म्हणून: बेसबॉलचा ब्रॅडमन कोण?

हा प्रश्न मला कोण विचारत नाही? मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले कोणाचे तरी बाबा विचारतात, गणपतीच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ विचारतात, आणि पुण्याहून फोन करणारे माझे धाकटे दीर तर दरवेळी नव्याने विचारतात. "ते सगळं राहू द्या वहिनी, तुमच्या त्या बेसबॉलमध्ये ब्रॅडमन कोण, ते सांगा." विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं. बेब रूथ. मी मान डोलवायची आणि विषय पुन्हा कोहलीकडे वळायचा, एवढंच अपेक्षित असतं. मी मान डोलवत नाही, म्हणून फोन लांबतो. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात येऊन मला बेसबॉलचं वेड लागलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

आधी ब्रॅडमन म्हणजे काय ते ठरवू. ५२ कसोटी, ६९९६ धावा, ९९.९४ ची सरासरी हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण खरी गंमत त्या आकड्याच्या खाली आहे. पुरेसं खेळून निवृत्त झालेले बाकीचे सगळे थोर फलंदाज साठीच्या आसपास येऊन थांबतात. गावसकर ५१.१२, तेंडुलकर ५३.७८. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये बरी सरासरी असलेला एक अख्खा कसोटी फलंदाज मावतो. म्हणजे "सर्वांत मोठा कोण" हा प्रश्नच नाही. दुसरा नंबर किती मागे आहे, आणि इतक्या वर्षांत ते अंतर कोणी कापलं का, हा प्रश्न आहे.

या फूटपट्टीने बेसबॉलची बॅटिंग सरासरी मोजायला गेलं की लगेच पंचाईत होते. इथे सरासरी म्हणजे बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या दर खेपेमागे किती हिट, म्हणजे बाद न होता किमान पहिला टप्पा (बेस) गाठून देणारे किती फटके. दहांत तीन हिट मारणारा, म्हणजे ०.३०० वाला, चांगला बॅटर. दहांत चार मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, दोन मुख्य लीगमध्ये १९४१ नंतर कोणालाही जमलेलं नाही. त्या वर्षी बॉस्टनच्या टेड विल्यम्सला जमलं, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन सामने. विल्यम्सची सरासरी ०.३९९५५. नियमाप्रमाणे ती ०.४०० अशीच छापली गेली असती. मॅनेजर जो क्रोनिनने विचारलं, आज बसतोस का? विल्यम्स बसला नाही. दोन्ही सामने खेळला, आठ खेपांत सहा हिट मारले आणि ०.४०६ वर थांबला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तीन हंगाम आणि कोरियन युद्धात जवळजवळ दोन हंगाम सैन्यात गेले, तरी ५२१ होम रन, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके. या माणसाबद्दल कोणी वावगं बोललं तर मी जेवण सोडून वाद घालते.

पण कारकिर्दीची यादी काढा. सर्वांत वर जॉश गिब्सन ०.३७२, खाली टाय कॉब ०.३६७. गिब्सन कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला, कारण मेजर लीगचे दरवाजे त्याला बंद होते. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनने ते उघडले, आणि गिब्सन त्याच जानेवारीत वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेला होता. त्या लीगचे आकडे अधिकृत यादीत आले २०२४ साली, आणि कॉब दुसरा झाला. दोघांमधलं अंतर पाच सहस्रांश. इथे ब्रॅडमन सापडणार नाही. या खेळात बहुतेक वेळा पिचरच, म्हणजे चेंडू टाकणाराच, जिंकतो, एवढं मोठं अंतर तो पडूच देत नाही.

मग लोक पिचर साय यंगचं नाव काढतात. १८९० ते १९११ या काळात ५११ विजय. दुसरा वॉल्टर जॉन्सन, ४१७. विक्रम अभेद्य आहे यात वाद नाही, पण त्यातला मोठा वाटा काळाचा. यंगने ७४९ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने टाकले. आजचा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा येतो, सहा इनिंग टाकतो आणि दंडाला बर्फ लावून बसतो. वर्षाला वीस विजय आणि अशी पंचवीस वर्षं, तरी पाचशेच होतात. यंगशी आता स्पर्धाच बंद आहे, आणि ज्यात स्पर्धा नाही ते मी धरत नाही.

जो डिमॅजिओचं प्रकरण जास्त अवघड आहे, कारण ते फार देखणं आहे. १९४१ च्याच मे महिन्यापासून जुलैपर्यंत सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट. त्याआधीचा उच्चांक विली कीलरचा, ४५. नंतर सर्वांत जवळ आला पीट रोझ, १९७८ साली, ४४. सत्तावन्नाव्या सामन्यात, १७ जुलैला, क्लीव्हलँडमध्ये सदुसष्ट हजारांवर प्रेक्षक होते. थर्ड बेसवर क्षेत्ररक्षक केन केल्टनर रेषेला चिकटून, मागे सरकून उभा होता. डिमॅजिओने दोनदा त्या बाजूला सणसणीत फटका मारला आणि दोन्ही वेळा केल्टनरने उलट्या हाताने तो अडवून त्याला बाद केलं. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा सलग सोळा सामन्यांत हिट मारले. केल्टनर हातभर इकडे उभा असता तर? म्हणूनच मला वाटतं की यात कौशल्याइतकाच नशिबाचा भाग आहे. शिवाय हा दोन महिन्यांचा पराक्रम. ब्रॅडमन वीस वर्षं ब्रॅडमन होता.

हँक एरनला एका वाक्यात संपवणं पाप आहे, पण या प्रश्नात तो बसत नाही. १९७४ मध्ये रूथचा ७१४ होम रनचा विक्रम मोडताना त्याला ढिगाने धमकीची आणि शिवीगाळीची पत्रं येत होती, तरी तो ७५५ पर्यंत गेला. ते सगळे होम रन वजा केले तरी त्याचे ३०१६ हिट उरतात. पुढे बॅरी बाँड्स ७६२ पर्यंत पोचला. त्या आकड्यावर उत्तेजक द्रव्यांची सावली आहे, आणि तो वाद मला इथे नको.

आता रूथ. तुमचं उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. १९२० साली रूथने ५४ होम रन मारले. दुसरा होता जॉर्ज सिसलर, १९. एका बाजूला ५४ आणि दुसऱ्या बाजूला १९! त्याच्या स्वतःच्या लीगमधल्या इतर कुठल्याही अख्ख्या संघाला त्या वर्षी ५४ जमले नाहीत. १९२७ मध्ये त्याने ६० मारले, तेव्हाही तेच. बरं, हा मुळात पिचर. बॉस्टनकडून वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, त्याने सलग साडेएकोणतीस इनिंगच्या वर एकही धाव दिली नव्हती, आणि तो विक्रम १९६१ पर्यंत टिकला. आज दोन्ही कामं करणारा शोहेई ओहतानी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात सहा इनिंगमध्ये धाव न देता दहा बॅटर स्ट्राइकआउटने, म्हणजे चेंडू मारूच न देता, टिपले आणि वर स्वतः तीन होम रन मारले. असं रूथनेही कधी केलं नाही. पण ओहतानी अजून खेळतोय, त्याचा हिशेब आत्ता कशाला?

१९३२ मध्ये ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना यांकी स्टेडियममध्ये रूथला भेटला होता. दोघांना शेजारी बसवायचा मोह तेव्हापासूनचा आहे. माझी अडचण एवढीच की रूथचं अंतर टिकलं नाही. त्याने दाखवून दिलं की चेंडू मैदानाबाहेर मारणं हाच धंदा होऊ शकतो, आणि बाकीचे ते शिकले. १९३० मध्ये हॅक विल्सनने ५६ मारले, १९३२ मध्ये जिमी फॉक्सने ५८. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१. रूथने वाट पाडली आणि तिच्यावरून लोक चालू लागले. ब्रॅडमनला सगळ्यांनी पाहिलं, त्याचा अभ्यास केला, आणि कोणीही जवळ गेलं नाही.

म्हणून माझं उत्तर रिकी हेंडरसन. इथे फोनवर नेहमी शांतता पसरते, आणि मग दीर म्हणतात, "हा कोण?"

रिकी ओकलंडचा. जन्म शिकागोचा, १९५८ च्या नाताळच्या दिवशी, हॉस्पिटलला पोचण्याआधीच गाडीच्या मागच्या सीटवर. "तेव्हापासूनच मी वेगवान" असं तो सांगायचा. १९७९ ते २००३ अशी पंचवीस वर्षं खेळून त्याने १४०६ बेस चोरले. दुसरा लू ब्रॉक, ९३८. ब्रॉकचा आकडा घ्या आणि त्यात त्याचाच निम्मा मिळवा, तेव्हा कुठे रिकीच्या एकाने पुढे जाता. आज खेळणाऱ्यांपैकी कोणी ५०० चोरलेले नाहीत. दरवर्षी ७० चोरायचे आणि अशी वीस वर्षं काढायची, तरी सहा कमीच.

बेस चोरणं म्हणजे काय ते क्रिकेटवाल्यांना चटकन कळतं. बेसना फेरी मारून परत आलं की एक धाव; आणि फटका बसलेला नसताना पुढचा बेस पळून गाठणं म्हणजे तो चोरणं. तुम्ही फर्स्ट बेसवर नॉन-स्ट्रायकरसारखे उभे. पिचर चेंडू टाकण्याआधीच बेस सोडून दहा-बारा फूट पुढे सरकायचं. त्याला हवं तर तो बॅटरकडे टाकण्याऐवजी मागे फर्स्ट बेसवर फेकून तुम्हाला बाद करेल. १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकडने बिल ब्राउनला असंच बाद केलं, तर आजवर लोक भांडतात. त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा कप्तान असलेल्या ब्रॅडमनने मात्र मंकडचीच बाजू घेतली होती. इथे हे रोज होतं आणि कोणाला खिलाडूवृत्ती आठवत नाही. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू बॅटरमागच्या कॅचरकडे जायला आणि तिथून सेकंड बेसवर यायला मिळून सव्वातीन-साडेतीन सेकंद. बेसमधलं अंतर ९० फूट. म्हणजे नुसतं पळून भागत नाही, पिचर आता नक्की बॅटरकडेच टाकणार हे त्याच्या आधी कळावं लागतं.

जुन्या चित्रफितींत रिकी बघा. गुडघे वाकवून बसल्यासारखा, दोन्ही हात खाली सोडलेले आणि बोटं सारखी वळवळतायत, पेटीवर सूर शोधत असल्यासारखी. नजर पिचरच्या पायांवर. पिचरची टाच हलते, आणि पुढच्या क्षणी रिकी पोटावर घसरत, डोकं पुढे करून बेसला हात लावतो. हे सगळ्यांना माहीत असायचं, पिचरला, कॅचरला, वरच्या रांगेतल्या शेंगा सोलणाऱ्या माणसालाही. तरीही १९८२ मध्ये त्याने एका हंगामात १३० चोरले. २०२३ पासून नियम धावणाऱ्यांच्या बाजूने बदललेत: बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, आणि पिचरला धावणाऱ्याला रोखायला दोनच मोकळ्या संधी मिळतात. एवढी सोय मिळून त्या वर्षी रोनाल्ड अकुन्याचे झाले ७३.

तो गर्विष्ठ होता, हा आक्षेप मला आपल्या मंडळींकडूनच जास्त ऐकू येतो. १ मे १९९१ ला त्याने ९३९ वा बेस चोरला, तो उपटून डोक्यावर धरला आणि ब्रॉक तिथेच हजर असताना माइकवर सांगितलं की ब्रॉक थोर होता, पण आज मी सर्व काळातला सर्वश्रेष्ठ आहे. आपल्याला हे खुपतं. "सगळं गुरुजनांच्या आशीर्वादाने" असं ऐकायची सवय आपल्या कानांना. पण वाक्य खोटं होतं का? त्याच रात्री टेक्ससमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने आपला सातवा नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता संपवलेला सामना, टाकला, आणि सगळं कौतुक त्या अबोल म्हाताऱ्याकडे गेलं. गंमत म्हणजे १९८९ मध्ये रायनने स्ट्राइकआउटने आपला पाच हजारावा बॅटर टिपला, तो हेच रिकी महाराज.

दीर शेवटचा बाण काढतात तो असा: बेस चोरणं ही खेळातली कडेची कला, ब्रॅडमन तर मुख्य कामात अव्वल होता. बरोबर. मग मुख्य काम कोणतं? धावा. मेजर लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त धावा काढणाऱ्याचं नाव रिकी हेंडरसन, २२९५. रूथ नाही, कॉब नाही, एरन नाही. त्याला रोखण्याचा एकच मार्ग होता, त्याला बेसवर येऊच न देणं. आणि तो इतका वाकून उभा राहायचा की पिचरला चेंडू टाकायला जागाच उरायची नाही. नुसत्या चार चुकीच्या चेंडूंवर तो २१९० वेळा फुकटात फर्स्ट बेसवर गेला.

कॉबचा धावांचा विक्रम त्याने मोडला ४ ऑक्टोबर २००१ ला, सॅन डिएगोत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तो होम रन होता. होम रनवर कोणी बाद करू शकत नाही, चालत आलं तरी चालतं. रिकी तिन्ही बेसना फेरी मारून आला आणि जिथून सुरुवात केली त्या होम प्लेटवर, पाय पुढे करून, धूळ उडवत घसरला.