मागे जाणारा कॉम्प्युटर

लहान मुलांसाठी काढलेल्या जुन्या विज्ञानकथा मालिकांचा विषय निघाला की पुठ्ठ्याची याने आणि चंदेरी पोशाख यांची चेष्टा ठरलेली असते. मला त्यांतली एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते, ती म्हणजे या मालिकांना भविष्यापेक्षा भूतकाळाची असलेली ओढ.

१९८९ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या ‘इंद्रधनुष’मध्ये मुले घरच्या घरी कॉम्प्युटर जोडतात, देवयानी दीर्घिकेतला पाहुणा त्यात अवतरतो आणि कालप्रवास सुरू होतो, पण हे सारे सामर्थ्य हाती आल्यावर मुले पोहोचतात ती स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत. गिरीश कर्नाड त्यात होते, आणि पुढे दिग्दर्शक झालेला करण जोहर शाळकरी मुलाच्या भूमिकेत होता. खरा कॉम्प्युटर आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात रेडिओच्या रिकाम्या खोक्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचे खळीने चिकटवून आम्ही तो तयार केला होता. बुचांवर आकडे लिहिले होते आणि साल दाबले की निघायचे, असा नियम होता. जायचे कुठे, यावर रोज भांडणे होत. कोणाला शिवकाळ हवा असे, कोणाला थेट रामायण, कारण ती मालिका नुकतीच होऊन गेली होती आणि सीतागुंफा हाकेच्या अंतरावर होती. २०५० हे साल कोणी दाबल्याचे स्मरत नाही.

हा काही केवळ आपला स्वभाव म्हणता येणार नाही. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची मालिका सुरू केली तेव्हा मुलांना गोष्टीतून इतिहास आणि विज्ञान शिकवणे हाच हेतू होता, आणि पहिल्या कथेतले प्रवासी अश्मयुगातच जाऊन पोहोचले होते. महिन्याभरात डॅलेक हे परग्रहावरचे दुष्ट राक्षस आले, मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि चार वर्षांच्या आत तिथल्या निव्वळ ऐतिहासिक कथा जवळजवळ बंद झाल्या. तिकडे राक्षसांनी मास्तरांना हुसकावले. आपल्याकडे मास्तर बरेच टिकले. १९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’ या मालिकेने मात्र कथा सरळ बाविसाव्या शतकात नेली, पण तोवर आम्ही कॉलेजात होतो आणि संगणकीय दृश्यांतल्या उणिवा काढण्याइतके शहाणेही झालो होतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘इंद्रधनुष’ चालू होती त्या काळात राकेश शर्मा, म्हणजे १९८४ साली सोयूझ यानातून जाऊन सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकावर राहून आलेले भारताचे पहिले अंतराळवीर, नाशिकजवळच्या ओझर इथल्या एचएएल या विमान कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते. नाशिकवरून जाणाऱ्या मिग या लढाऊ विमानांच्या आवाजाने मालिकेतले संवाद बुडत, तेव्हा आम्ही आकाशाकडे वैतागून पाहत असू. त्या विमानात कोण असू शकते हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि मला आठवणाऱ्या एकाही मालिकेतली मुले ओझरला येऊन त्यांना ‘वर नेमके कसे वाटते हो?’ एवढे विचारूनही गेली नाहीत.